जीप कुठल्याच गटात नव्हती

संख्याशास्त्र हा शब्द नुसता उच्चारला तरी समोरच्याच्या डोळ्यांवर झापड येते, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं. लग्नकार्यात कुणी "काय करता?" असं विचारलं की मी "ऑफिसात असते" म्हणून विषय बदलायची. खोलात शिरणारा कुणी भेटलाच तर तो हटकून म्हणायचा, "म्हणजे खानेसुमारी का?" निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. दिवाळी अंकासाठी आपल्या कामाविषयी लिहा असा आग्रह झाला तेव्हा आधी मी नाहीच म्हटलं. आमच्या कामात खून नाहीत, खटले नाहीत, मंत्र्यांचे फोन नाहीत. पण एक हकिगत आहे, जी मी आजवर कुणाला धड सांगू शकलेले नाही. ती सांगायला आधी एक चाचणी समजावून द्यावी लागते, आणि तेवढ्यात ऐकणारा चहाचं बघायला उठून गेलेला असतो. वाचकही उठून जाऊ शकतो, पण निदान तो जाताना मला दिसणार नाही.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि आहार, कुपोषण हे शब्द वर्तमानपत्रांत रोज दिसू लागले होते. मी मूळची साताऱ्याची, संख्याशास्त्राची पदवी घेतलेली, लग्न न झालेली आणि घरच्यांच्या मते हट्टी. एका वैद्यकीय संस्थेनं सांगली जिल्ह्यात आहाराचा प्रकल्प काढला होता, त्यात मला सांख्यिकी सहायक म्हणून घेतलं. कचेरी सांगलीला, आणि कामाची गावं आष्ट्याच्या आसपास, वारणेच्या बाजूला.

प्रश्न सरळ होता. गरोदर बाईला रोजच्या जेवणाखेरीज काय खायला दिलं तर बाळ चांगल्या वजनाचं जन्मतं? त्यासाठी गावांचे चार गट पाडले. एका गटातल्या बायकांना शेंगदाण्या-गुळाचा लाडू, दुसऱ्या गटाला पावडरीचं दूध, तिसऱ्याला ज्वारी आणि डाळ भाजून दळलेलं पीठ, आणि चौथ्याला नुसत्या लोहाच्या गोळ्या आणि सल्ला. कुणाच्या वाट्याला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठी म्हणजे निःपक्षपात, असं आमच्या धंद्यात मानतात. चौथ्या गटातल्या एका सरपंचांना ते पटवता पटवता माझा जीव मेटाकुटीला आला. "आवं बाई," ते म्हणाले, "शेजारच्या गावाला लाडू आन् आमाला सल्ला? सल्ला आमच्याकडं मायंदाळ हाय."

लाडवांचे डबे, दुधाची पोती आणि वजनाचा काटा गावोगाव न्यायला संस्थेनं एक जीप दिली होती. ती चालवायचे गणपतदादा. फौजेतून पेन्शनीवर आलेले, मिशा पीळदार, बोलणं निम्मं हिंदीत. जीप मुक्कामाला आष्ट्यात त्यांच्या घरासमोर असायची. दादांनी कुणालाही न विचारता चारही गटांतल्या सगळ्या गावांत सांगून ठेवलं होतं, की बाई अडली तर दुधाच्या गाडीबरोबर नाहीतर सायकलीवर निरोप धाडा, मी येतो. प्रकल्पाच्या नियमांत हे कुठंही बसत नव्हतं. मी एकदा विचारलं, "दादा, वरून विचारणा झाली तर?"

"सांगायचं, वजन कराया नेली हुती," ते म्हणाले. "बच्चा दवाखान्यात पैदा झाला तर वजन बी तितंच हुतंय का न्हाई? मग? ड्यूटी ती ड्यूटी."

हे खोडून काढायची मला मुळीच इच्छा नव्हती.

वजन करणं हेच खरं दिव्य होतं. आज दवाखान्यात बाळ जन्मलं की आधी काट्यावर ठेवतात. तेव्हा बाळंतपणं घरात व्हायची आणि काटा पाहिला की घरातल्या म्हाताऱ्या बाया दारात आडव्या यायच्या. "तागडीत घालाया त्या काय शेंगा हायत व्हय?" असं मला एकीनं तोंडावर विचारलं. पाचवी पुजेपर्यंत बाळ परक्याला दाखवायचं नाही, अशी कित्येक घरांत रीत. त्यामुळं कुठं पहिल्याच दिवशी वजन मिळे, कुठं सहाव्या दिवशी. त्यात बाळाजवळ लोखंड ठेवायची पद्धत. विळा, किल्ली, अडकित्ता, घरात जे असेल ते, पण बाळापासून क्षणभरही दूर करायचं नाही. एका घरी मूल इतकं भरभक्कम भरलं की मी हरखूनच गेले. झोळी उतरवली, दुपटं सोडलं, तर आतून भला थोरला पितळी मुठीचा अडकित्ता निघाला. त्याआधी असे किती अडकित्ते मी बाळांच्या नावावर लिहून नेले होते, देव जाणे.

लाडवांची तऱ्हा वेगळीच. एका घरी लाडवांचा परिणाम अगदी स्पष्ट दिसत होता, पण तो दिरावर. दीर तालमीत जाणारा. वहिनीचा लाडू म्हणजे त्याला आयता खुराक. तेव्हापासून लाडू आमच्यासमोर खायचा, असा नियम केला. आष्ट्याजवळच्या एका जैन शेतकरी घरातल्या आजी सुनेला लाडू आवर्जून द्यायच्या, पण दिवस मावळायच्या आत. जीप चिखलात अडकून आम्हाला उशीर झाला की त्या डबा ठेवून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उद्या सकाळी खाईल की. एका रातीत नातू काय वाळत न्हाई."

आमच्या प्रमुख डॉक्टरांना आम्ही सगळे सर म्हणायचो. मोठा सज्जन माणूस, पण असले किस्से ऐकून ते कपाळाला हात लावून बसले. कुठलं वजन पहिल्या दिवसाचं, कुठलं सहाव्या दिवसाचं, कुठलं अडकित्त्यासकट. त्यांची सरासरी काढून काय मिळणार? तेव्हा मी जरा भाव खात सांगितलं, की सरासरी काढायचीच नाही. नंबरांची चाचणी लावायची.

ही चाचणी दोन साहेबांच्या जोडनावानं ओळखतात. ती नावं इथं देऊन कुणाचा फराळ कडू करत नाही. कल्पना मात्र शाळेतल्या कवायतीइतकी सोपी आहे. चार वर्गांतली मुलं मैदानावर आणा. वर्ग विसरून सगळ्यांना उंचीप्रमाणे एकाच रांगेत उभं करा आणि बुटक्यापासून उंचापर्यंत नंबर द्या. मग मुलांना आपापल्या वर्गात परत पाठवा आणि प्रत्येक वर्गात कुठले नंबर आले ते बघा. वर्गावर्गांत खरंच फरक नसेल तर लहान-मोठे नंबर चारही वर्गांत सारखे विखुरलेले असतात. एखाद्याच वर्गात शेवटचे सगळे नंबर गोळा झाले, तर तिथं काहीतरी आहे. ते खरं की नशिबाचा खेळ, हे ठरवायला एक सूत्र असतं, तेवढं माझ्याकडं. यात कोण किती इंच उंच हे लागतच नाही. कोण कुणापेक्षा उंच, एवढं पुरतं. सरासरीचं काय होतं, की पंक्तीत एकानं चाळीस जिलब्या हाणल्या की सगळी पंगत खादाड ठरते. रांगेत मात्र तो गडी फक्त शेवटचा असतो, चाळीस खावो नाहीतर साठ. अडकित्त्यामुळं चार-दोन बाळं रांगेत थोडी पुढं सरकतील, पण रांग मोडणार नाही.

सर प्रसन्न झाले. "वा! मग आपलं काम वाया गेलं नाही," म्हणाले. नोकरीतला माझा तो सगळ्यात ऐटीचा दिवस असेल. संध्याकाळी मी स्वतःला भेळ खाऊ घातली.

कमळ लाडवाच्या गटात होती. वारणेकाठच्या एका गावात, आष्ट्यापासून आत, काळ्या मातीच्या गाडीवाटेनं जावं लागे. वय विशीच्या आसपास. नवरा फौजेत, सरहद्दीवर कुठंतरी. घरात ती आणि तिची सासू ठकुबाई. कमळचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं होतं. मूल मुठीएवढं होतं आणि बारशापर्यंतही टिकलं नाही. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि या खेपेला ठकुबाईनं तिला माहेरी धाडलं नव्हतं. आम्ही गेलो की कमळ लाडू हातात घेऊन अगदी शेवटचा कण तळव्यावरून टिपायची. "अक्का, ह्या टायमाला पोर जगलं पायजे," एवढंच ती दर वेळी म्हणायची. मला अक्का म्हणणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांची मी बाई, नाहीतर "वजनवाली".

एकदा सासू आत गेलेली बघून तिनं हळूच विचारलं, "अक्का, आनी एक हाय का?"

"का गं? घरी जेवण होत नाही का?"

"आत्याबाई निम्मीच भाकरी वाढत्यात. लाडू खाल्लास न्हवं, म्हनत्यात. दूध तर बंदच."

माझं डोकंच फिरलं. सासवांच्या छळाच्या कहाण्या मी ऐकून होते, आणि त्या वयात माणसाला न्याय करायची फार घाई असते. मी तशीच सोप्यात गेले. ठकुबाई शेंगा फोडत बसली होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, कपाळ पांढरं. मी सुनावलं, की पोटुशी बाईला अर्धपोटी ठेवणं हे पाप आहे, आणि मग आमच्या लाडवांचा उपयोग काय?

तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "म्हंजी मी सुनंला उपाशी मारतीया, असं म्हनायचंय तुमास्नी?"

तिनं आणखी एक शेंग फोडली.

"माजी लेक हुती, सुशी," ती म्हणाली. "पैल्या बाळंतपनाला हितं आली. लेक म्हेरी आली म्हून तूप घातलं, शेवया घातल्या, लय लाड केलं. पोटातलं पोर ह्ये एवढं झालं. अडली. बैलगाडीत घालून सांगलीकडं निगालो, तर आष्टा बी गाठला न्हाई. लेक बी गेली, नातू बी गेला." दोन-तीन शेंगा फुटल्या. "बाळ बारकं असलं की बाई सुटती. बारकं पोर वाडवता येतंय, बाई. गेलेली बाई कुटनं आनायची?"

मी आले तशी जीपमध्ये जाऊन बसले. मला फार लाज वाटली, आणि थोडी भीतीही. आम्ही ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप मांडला होता, ते मोठं बाळ, नेमकं त्याचाच या बाईला धसका होता. आम्ही बाळ मोजत होतो. ती सून मोजत होती.

नंतर मी इतर घरांतही आडून आडून विचारायला लागले. बहुतेक ठिकाणी तेच. लाडू आला की भाकरी कमी, दूध आलं की कालवण कमी. आम्ही एका हातानं वाढत होतो आणि घरातली पोळलेली बाई दुसऱ्या हातानं काढून घेत होती, आणि दोघांच्याही मनात चांगलंच होतं. मी सरांना सांगितलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. "निम्मं काम झालंय, आता मधेच काही बदलता येणार नाही," ते म्हणाले. "पण अहवालात लिहू."

कमळच्या कळा श्रावणात सुरू झाल्या. योगायोगानं आम्ही त्या दिवशी त्याच गावात होतो. दुपारची वेळ. सुईण बाहेर आली आणि म्हणाली, मूल आडवं आहे, आधी हात आलाय, माझ्यानं होणार नाही. म्हणजे लहान-मोठ्याचा प्रश्नच उरला नव्हता. आडवं मूल बारीक असलं तरी आडवंच. निम्मी भाकरी कमी केल्यानं काही साधलं नव्हतं. ठकुबाई उंबऱ्यात बसली होती, जागची हलेना. तिच्या डोळ्यांपुढं कुठली बैलगाडी उभी होती ते मला माहीत होतं.

गणपतदादांनी लाडवांचे डबे खाली उतरवले आणि मागं घोंगडं अंथरलं. "मावशी, उटा. फिकर न्हाई करायची. गाडीत घाला तिला."

त्या वाटेचं वर्णन करत नाही. काळी माती चाकांना धरून ठेवत होती, ओढ्याला पाणी होतं, आणि माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरून जीप ढकलत होती. कमळनं माझा हात धरला होता. तिची नखं कितीतरी दिवस माझ्या मनगटावर होती. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो, ऑपरेशन झालं, मुलगी झाली. दोघी जगल्या. मी तिथंच बाळाचं वजन केलं, चांगल्या काट्यावर. ठकुबाईनं तेवढ्यातही दुपट्यात किल्ली सरकवली होती, ती मी काढून घेतली आणि वजन झाल्यावर परत ठेवली.

डॉक्टरांनी बजावलं, की पुढचं बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, घरी मुळीच नाही. ठकुबाई म्हणाली, "आता काय भ्या न्हाई. गाडी हाय की." कमळला घरी सोडायला गेलो त्या दिवशी तिनं जीपच्या पुढच्या चाकावर नारळ फोडला आणि काचेला हळदकुंकू लावलं. दादांनी ते कितीतरी दिवस पुसलं नाही.

अशा अडलेल्या बायका चारही गटांतल्या गावांत निघाल्या. लाडवाच्या, दुधाच्या, पिठाच्या आणि नुसत्या सल्ल्याच्याही. कधी निरोप वेळेवर आला, कधी उशिरा. प्रकल्प चालू होता तोवर त्या सगळ्या दादांच्या जीपनं सांगलीला आल्या आणि सगळ्या जिवंत घरी गेल्या. आम्हाला याचं विशेष काही वाटलं नाही. आम्ही बाळांची वजनं गोळा करत होतो.

शेवटी ती सगळी गोळा झाली. तेव्हा संगणक नव्हते, निदान सांगलीत आमच्यापुरते नव्हते. मी प्रत्येक बाळाचं एक कार्ड केलं. कोपऱ्याला गटाचा रंग: लाडवाला तांबडा, दुधाला निळा, पिठाला पिवळा, सल्ल्याचा कोपरा कोरा. एका रविवारी कचेरीतली टेबलं भिंतीला सरकवली आणि सगळी कार्डं वजनाप्रमाणं जमिनीवर एका रांगेत मांडली. रांग खोलीत मावेना, ती वळून व्हरांड्यात गेली. सारख्या वजनाच्या बाळांना नंबर वाटून दिले. गुडघे सोलून निघाले, पण काम मनासारखं झालं. मग उभी राहिले आणि रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं बघितली.

सूत्र सोडवायची गरजच नव्हती. तांबडा, कोरा, निळा, तांबडा, पिवळा, कोरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे रंग एकमेकांत मिसळलेले होते. कुठंही एका रंगाचा पुंजका नाही. तरी मी सूत्र सोडवलं, दोनदा सोडवलं, आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं. चार गटांत फरक आढळला नाही.

"आढळला नाही" आणि "नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. लाडू निरुपयोगी आहे असं माझी चाचणी म्हणत नव्हती. भाकरी काढून घेतल्यावर लाडवाचं काही उरलं नाही, एवढंच दिसत होतं. सरांनी दिल्या शब्दाप्रमाणं ते सगळं अहवालात लिहिलं, सासवांसकट. पण शहरातून जी बडी मंडळी बैठकीला आली, ती अहवालाचं शेवटचं पान वाचून आली होती. तिथं माझं एक वाक्य होतं आणि खाली सूत्राचं उत्तर होतं. कुणी आवाज चढवला नाही. चहा झाला. फरक नाही तर चालू ठेवायचं कशासाठी, असं एकानं विचारलं आणि बाकीच्यांना ते रास्त वाटलं. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तर मलाही रास्तच वाटलं असतं.

बैठकीची माणसं निघून गेल्यावर मी बाहेर आले. गणपतदादा जीपला टेकून उभे होते.

"बंद झालं म्हनं, बाई?"

"हो दादा."

"मग गाडी बी जानार?"

त्या क्षणापर्यंत, शपथेवर सांगते, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. जीप! ती चारही गटांत होती. सगळ्या गावांना सारखी मिळाली होती. मैदानावरच्या सगळ्याच मुलांना एका ओट्यावर उभं केलं तर सगळी हातभर उंच होतात, पण रांगेतला नंबर कुणाचाच बदलत नाही. माझी चाचणी फक्त नंबर बघते. जे सगळ्यांना सारखं मिळालं ते तिला दिसत नाही, दिसूच शकत नाही. बायका मरत नव्हत्या, आणि त्याचं कारण आमच्या कुठल्याही गटाच्या नावात नव्हतं. ते आष्ट्यात दादांच्या दारात उभं होतं.

मी धावत आत गेले आणि सरांना हे सगळं एका दमात सांगितलं. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे सिद्ध कशानं करणार? त्याला जीप नसलेली गावं लागतील. ती आपल्याकडं नाहीत."

खरंच नव्हती. ती नंतर झाली. सगळीच झाली.

सरांनी तरीही वर पत्र धाडलं, की निदान वाहन तरी राहू द्या. उत्तर सभ्य होतं. वाहन आहाराच्या वाटपासाठी मंजूर झालेलं आहे, वाटप थांबल्यावर वाहनाचं प्रयोजन उरत नाही. मी ते उत्तर पुन्हापुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. महिनाअखेरीला दादांनी जीप धुऊन, पुसून सांगलीला आणून लावली, किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली आणि एक सॅल्यूट ठोकला. आमच्यापैकी कुणाच्यानं त्यांच्याकडं बघवलं नाही.

मला दुसऱ्या खात्यात नोकरी मिळाली. उसाच्या उत्पादनाचे अंदाज, मग जनावरांची गणती. त्या कामात मी रमले, बढत्या मिळाल्या. दोनेक वर्षांनी अशाच कामासाठी आष्ट्याला गेले असताना वेळ होता म्हणून वारणेकडचं ते गाव गाठलं. कमळची मुलगी आता चालत असेल, बोलत असेल, असा विचार करत खाऊचा पुडा घेतला होता.

मुलगी खरंच चालत होती. सोप्यात ठकुबाईच्या पदराशी खेळत होती. ठकुबाईनं मला ओळखलं. "या, वजनवाल्या बाई," म्हणाली, तांब्याभर पाणी दिलं आणि खाली बसली. मी विचारलं, "कमळ कुठं आहे?"

तिनं मुलीचे केस मागं सारले. मग तिनं सगळं सांगितलं, रडत नव्हे, शेतातलं काही सांगावं तसं. कमळला पुन्हा दिवस गेले. "ह्या खेपंला म्या काय सुदिक कमी केलं न्हाई. भाकरी, दूध, तूप, मागंल ते घातलं. म्हनलं, आता भ्या कशाचं? दवाखान्यात न्ह्यायचंच हाय, गाडी हाय. लाडू बंद झालं त्ये कळलं हुतं आमाला. गाडी बी बंद झाली ह्ये कुनी सांगिटलंच न्हाई, बाई."

कुणीच सांगितलं नव्हतं. लाडू बंद झाल्याचं कळवायला आमच्याकडं एक छापील पत्रक होतं. जीपचं पत्रक निघायला जीप प्रकल्पात असायला हवी होती.

कळा दिवसांच्या आधीच आल्या, भर पावसात. सायकलीवर माणूस आष्ट्याला धाडला. दादा घरात होते, दारापुढची जीपची जागा मोकळी होती. ते एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडं धावले, मग दुसऱ्याकडं. इकडं ठकुबाईनं वाट बघून बघून बैलगाडी जुंपली. ओढ्यापर्यंत गेली. तिथून परत फिरावं लागलं, कारण पुढं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवरा रजा काढून आला तो दिवसकार्याला आला.

मी खाऊचा पुडा हातात धरून बसले होते. ठकुबाईच मग म्हणाली, "तुमी एवढी वजनं केलासा. एवढं कागद लिवलासा. काय निगालं वो त्यातनं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ती अगदी मनापासून विचारत होती, जसं शहाण्या माणसाला विचारतात तसं.

"चारही गटांच्या गावांत फरक आढळला नाही, असं निघालं," मी म्हटलं.

"न्हाई कसा?" ती म्हणाली. "तवा कमळ हुती."